अळणी सोमवार

रंजीताने काचपट्टीवरच्या कांद्याच्या जांभळ्या सालीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि बाजूला सरकून उभी राहिली. सावली गावातल्या त्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. आठवीची पोरं रांग मोडून त्याच्याभोवती गोळा झाली.

साध्या पाण्यातली साल सगळ्यांनी आधी पाहिली होती. लहान लहान खण आणि त्यात काठोकाठ भरलेला जांभळा रंग. आता मात्र जो डोळा लावी तो लवकर बाजूला होईना. रंग भिंतींपासून सुटत होता, आकसून मधोमध गोळा होत होता. खण होते तसेच होते.

याला रससंकोच म्हणतात, असं सांगून तिने तो शब्द फळ्यावर लिहिला. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. चिरलेल्या कारल्याला मीठ लावलं की पाणी सुटतं ते यामुळेच, आणि खारवलेल्या लोणच्याला बुरशी धरत नाही तीही याच कारणाने. दरवर्षी सांगायची तसंच ती सांगत गेली.

"मॅडम, माणसाच्या पेशीचा बी होते का रससंकोच?" सुरजने विचारलं.

रंजीताने हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला. तो घरंगळून खाली पडला.

"माणसाच्या पेशीला भिंत नसते," ती म्हणाली. "ती आख्खीच आकसते. त्याला रससंकोच म्हणत नाहीत."

"मंग काय म्हंतेत?"

तास संपायला वेळ होता, तरी तिने वह्या आवरायला सांगितलं.

मागच्या वर्षी तिच्या लेकीला, तनूला जुलाब लागले तेव्हा रंजीता शाळेत परीक्षेवर होती आणि नवरा निकेश कामानिमित्त जिवतीला गेला होता. घरात तनू आणि तिची आजी कमळाबाई, दोघीच. आशाताईने दिलेली जलसंजीवनीची पुडी संपली होती. कमळाबाईंनी तांब्याभर पाण्यात साखर आणि मीठ घातलं. मीठ हाताच्या अंदाजाने. देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करणाऱ्या बाईचा हात. त्यांच्या वरणाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. शिवाय त्या दिवशी सोमवार. नातवंडाचं तोंड दिसावं म्हणून त्यांनी अळणी सोमवार धरले होते, आणि तनू झाल्यावरही सोडले नव्हते. मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. पोरगी पाणी पाणी करत राहिली, आणि त्या तेच पाणी पाजत राहिल्या.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरने रक्ताचा रिपोर्ट पाहून हळूच विचारलं, घरी साखर-मिठाचं पाणी कुणी केलं होतं, आणि कुणी चाखलं होतं का. निकेश औषध आणायला गेला होता. त्याला रंजीताने हे पुढेही कधी सांगितलं नाही. त्या पोरसवदा डॉक्टरने तिला पुढचं काही समजावलं नाही, आणि तिलाही समजावून घ्यायची गरज नव्हती. पहाटे तनू गेली. गावात सगळ्यांनी गृहीत धरलं, जुलाबानं गेली. रंजीतानेही तेच धरून ठेवलं. कमळाबाईंनी सोमवार चालूच ठेवले. आता कशाले, असं निकेशने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, रंजूची ओटी पुन्हा भराची हाय.

आजही सोमवारच होता. रंजीता बसमधून उतरून घरी आली तेव्हा कमळाबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात पितळी तांब्या.

"दुपारी अंगणवाडीत रिनानं सभा घेतली," त्या म्हणाल्या. रिना म्हणजे गावची आशाताई. "जुलाबाचं पाणी कसं बनवाव, ते दाखवत होती. मीठ चमच्यानं मोजाव म्हंते. अन पाजाच्या आधी आपण चाखाव. डोळ्यातल्या पाण्याहून खारं नाई पाहिजे म्हंते."

रंजीताने खांद्यावरची पिशवी काढली नव्हती.

"मी तेव्हा केलं ना, तसंच करून ठेवलं. तेवढंच पाणी, तोच हात." त्यांनी तांब्या पुढे सरकवला. "मले आज चाखता येत नाई. तू सांग."

रंजीता खाली बसली. तिने तांब्या उचलून तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला जीभ आखडली; डोळ्यातल्या पाण्याहून कितीतरी खारं होतं. सासूबाई तिच्या गळ्याकडे पाहत होत्या.

एक घोट पुरला असता. पण तांब्या खाली ठेवला तर तो तिथेच राहणार, उद्या मंगळवार उजाडणार आणि मग चवीसाठी त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही. रंजीताने डोळे मिटले आणि घोट घोट घेत ती प्यायली. शेवटचा थेंब घेऊन तांब्या जमिनीवर उपडा ठेवला.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "असंच पाहिजे."

कमळाबाईंनी उपड्या तांब्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी बैलाला दटावत घरी नेत होतं. आता लगेच पाणी मागायचं नाही, कपडे बदलायचे, भाजी चिरायची, मग सावकाश प्यायचं, असं ठरवून रंजीता उठायला गेली.

"बस," कमळाबाई म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्यापुढे ठेवलं. रंजीता मान खाली घालून ते प्यायली. त्यांनी पेला पुन्हा भरला. तोही ती प्यायली. मग त्यांनी माठच ओढून जवळ आणला, तिच्यासमोर बसल्या, आणि पेला रिकामा होईल तसा भरत राहिल्या.