दर पायलीला निसटणारा शेर

मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी डरकाळी फोडणारा शेर नाही. मी धान्य मापायचा, पत्र्याचा, पोचे पडलेला जुना शेर आहे. लोहारानं मला घडवताना असा घाव घातला, की पेठच्या कोंबड्यांनी दचकून उद्याची अंडी आजच देऊन टाकली. खोटं वाटत असेल तर त्या कोंबड्यांना विचारा.

माझं सगळं आयुष्य हरसूलच्या आठवडे बाजारात गेलं, धोंडाबाईच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पोत्यावर. मी चार वेळा भरून रिकामा झालो की एक पायली. पायली झाली की धोंडाबाई एक खडा बाजूला टाकायची. तिला लिहिता येत नाही, पण खड्यांवर बोट ठेवत ती टुणटुण उड्या मारत जायची: चार, आठ, बारा, सोळा, वीस. मग चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस, छत्तीस, चाळीस. शेवटचे आकडे नीट ऐका बरं. चार, आठ, दोन, सहा, शून्य, आणि पुन्हा चार, आठ, दोन, सहा, शून्य. गोल गोल फुगडीच जणू. त्या फुगडीत विषम आकडा कधी शिरला नाही. लोक म्हणायचे, धोंडाबाईचं माप म्हणजे देवाघरचं माप. आता बाजारात लाल आकडे लुकलुकणारे काटे आलेत, मला फार कुणी विचारत नाही. तरी तिचं नाव अजून चोख होतं.

त्या दिवशीपर्यंत.

नाशिक रोडहून योगिनी नावाची बाई आली. तिचा नागलीच्या पापडांचा धंदा होता. तिला दहा पायल्या हव्या होत्या आणि मापानंच हव्या होत्या. मी हरखलो. धोंडाबाई मापायला बसली, योगिनी वही घेऊन शेजारी. धोंडाबाईनं आकडा म्हटला की ती वहीत एक काडी ओढायची, खडा पडला की नवी ओळ. दहा खडे पडले आणि योगिनी वही बघून बेरीज करायला लागली. तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा...

पंधरा? माझी कडच शहारली. चारच्या उड्यांत पंधरा कुठून आला?

"मावशी, हे तीसच होतात," योगिनी म्हणाली. "दहा शेर कमी भरलेत तुम्ही."

आजूबाजूच्या माना वळल्या. शेजारचा सुकटवाला गोटीराम तेवढा हसला. म्हणाला, "धोंडाबाई, शेरास सव्वाशेर भेटली बघ आज." लोक जमले. नेहमीची दोन गिऱ्हाइकं हळूच दुसऱ्या दुकानाकडे वळली, ते धोंडाबाईनं पाहिलं. तिनं मला उचलून माझं बूड उजेडात धरलं. मला वाटलं, माझ्याच बुडाला भोक पडलं की काय!

धोंडाबाई भांडली नाही. तिनं वही मागितली. अक्षर कळत नव्हतं, काड्या कळत होत्या. एकेका ओळीवरून तिनं बोट फिरवलं. प्रत्येक ओळीत तीनच काड्या. पहिल्या पायलीला एक शेर कमी, दुसरीला मिळून दोन, तिसरीला तीन, आणि असं करत दहावीला दहा. तिनं वही योगिनीच्या हातात परत दिली.

"ताई, चोर कधी दोन नेल, कधी पाच नेल," ती म्हणाली. "दर पायलीला मोजून एकच नेतो, असा शिस्तीचा चोर मी नाय पाह्यला."

मग तिनं योगिनीचं पोतं रिकामं केलं आणि पुन्हा मापायला बसली. सगळे वाकून बघायला लागले. तिनं मला भरलं, पोत्यात ओतलं आणि म्हणाली, "लाभ."

योगिनीचा पेन जागचा हलला नाही.

"दोन." काडी. "तीन." काडी. "चार." काडी.

मी तर गारच झालो. अहो, धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, बरकत यावी म्हणून. आणि योगिनीला वाटलं होतं, म्हातारी दर पायलीला देवाचं नाव घेते! एवढ्याशा शब्दानं चारच्या उड्या तीनच्या केल्या होत्या.

योगिनीचा चेहरा उतरला. तिनं वही मिटून बाजूला ठेवली आणि मांडी घालून समोर बसली. "मावशी, भरा," ती म्हणाली. "आता मी म्हणते." मी भरलो, ओतलो गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात ती म्हणाली, "लाभ."

चाळीस शेर पुरे झाले. गोटीराम तोवर सुकट झाकून चहाला पळाला होता.

मित्रांनो, मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला, माझं वय झालंय. पण जुन्या माणसाच्या तोंडून न कळणारा शब्द आला तर तो वगळू नका. आधी विचारा, आजी, हा मोजायचा का? एवढं न विचारल्यानं एक सरळ बाई भर बाजारात चोर ठरत होती. आठवलं की अजून माझा पत्रा वाजतो.