डाव्या चाकाचा आवाज

मित्रांनो, मी एक म्हातारी पिकअप गाडी आहे. माझा रंग पांढरा आहे असं कागदावर लिहिलेलं आहे. आज मला पाहून त्यावर कुणी शपथ घेणार नाही. केळझरजवळच्या एका गावात, घनश्यामच्या गोठ्यालगत मी उभी असते. गाई रवंथ करतात आणि मी बघत बसते. आमच्यात सध्या कामाची कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, आणि तिथल्या कुणाला मी आठवत असेन असंही वाटत नाही. माझं खरं आयुष्य घनश्यामने मला घरी आणलं तेव्हा सुरू झालं. त्याने मला आधी केळझरच्या गणपतीपुढे नेऊन नारळ फोडला. त्याचे वडील अण्णाजी यांनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचा हात उमटवला. सबंध आयुष्य बैलबंडी हाकलेला तो माणूस! पहिल्या दिवशी मी थांबले तेव्हा माझ्यापुढे चारा ठेवावा की काय, अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते.

मी खूप राबले. वर्ध्याच्या बाजारात कापूस नेला, लग्नाच्या मांडवाचे बांबू नेले, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. पण माझं आवडतं काम म्हणजे वेचणीच्या बायांना शेतावर नेणं. कापूस फुटला की रोज सकाळी गावाच्या टोकाच्या गोंडवस्तीजवळ बाया माझी वाट बघत. त्यांची पुढारीण जयवंताबाई. घरात ती आपल्या बोलीत बोले, आमच्याशी वऱ्हाडीत. आधी ती चढे, डाल्यात, म्हणजे माझ्या मागच्या उघड्या भागात, पुढच्या डाव्या कोपऱ्यात कठडा धरून उभी राही, मगच बाकीच्या चढत. जयवंताबाई चढली म्हणजे भीती नाही, असा सगळ्यांचा हिशेब होता. एवढ्या जणींचा जीव मी अंगावर घेऊन जाई आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग माझं पुढचं डावं चाक कुरकुरू लागलं. सुरुवातीला ब्रेकरवर तेवढं. नंतर स्टेअरिंग वळवलं की, आणि शेवटी साध्या खड्ड्यातही. घनश्यामने कानाडोळा केला. मग मला धुतलं, मग शॉकअप बदलला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आवाज होता तसाच राहिला, म्हणून त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

जयवंताबाई मात्र त्या चाकाच्या अगदी मागेच उभी असे. तिने एकदा चढता चढता पाय खाली घेतला.

"काऊन रडून राह्यली हे गाडी?" तिने विचारलं.

"म्हातारी झाली बाई, दुसरं काय," घनश्याम हसून म्हणाला.

"म्हातारी मीबी झाली. उगाच नाई रडत मी. आधी दाखव इले कोणाले, मंग मी बसतो."

ती बसली नाही म्हणून कुणीच बसली नाही. त्या दिवशी सगळ्या पायी गेल्या. घनश्याम चिडला, पण माझ्या मनात आलं, देवा, एकीला तरी माझं ऐकू आलं.

घनश्यामने मला बोरगाव मेघेला ओमप्रकाश मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने त्याला माझ्या बंपरवर उभं राहून उड्या मारायला लावल्या आणि स्वतः चाकामागे हात घालून बसला. आवाज कुठे हाताला जाणवतो ते त्याने शोधलं. मग जॅक लावून चाक उचललं, खाली टॉमी, म्हणजे छोटी लोखंडी पहार घातली आणि चाक हलवून पाहिलं. चाक हललं. मला लाज वाटली, आणि सुटकाही वाटली.

मित्रांनो, तुमच्या मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत फिरतं ना, तसाच माझ्या चाकाजवळ एक लोखंडी गोळा खोबणीत फिरतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. त्यावर रबराची टोपी असते आणि आत ग्रीस. माझी टोपी फाटली होती. ग्रीस वाहून गेलं होतं, धूळ आत शिरली होती, आणि गोळा कोरडाच घासत होता. रडत होता तो हा.

"भाऊ, हे झिजून गेलं," मिस्त्री म्हणाला. "ग्रीस देऊन भागत नाई. नवा टाका लागते. नागपूरवरून बोलावतो. तोपर्यंत गाडी उभी ठेवजो. माणसं तं बिलकुल बसवू नको."

घनश्यामने मान डोलावली. घरी येईपर्यंत त्याचा विचार खरंच तसा होता, हे मी सांगू शकते, कारण रस्ताभर त्याने मला हळू चालवलं. पण आभाळ भरून आलं होतं. शिवारात कापूस फुटून लोंबत होता, आणि जो तो फोन करून विचारत होता की बाया कधी आणतोस.

तेव्हा अण्णाजी मदतीला धावले. वाईट हेतूने नाही हो, मायेने.

"बंडीचा आख कुरकुरला का आपण काय करतो? वंगण देतो," ते म्हणाले. "हेबी चाकच हाय ना बापा."

डब्यात जळालेलं ऑइल होतं. ते कष्टाने खाली वाकले, फाटक्या टोपीत त्यांनी सगळं ऑइल ओतलं आणि माझ्या चाकाला थोपटलं. ऑइल गोळ्यापर्यंत गेलं. घनश्यामने मला अंगणात फिरवलं, ब्रेकरवरून नेलं, पुन्हा आणलं. आवाज नाही! अण्णाजींचा चेहरा उजळला. घनश्यामला वाटलं, आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं. मिस्त्री काय, पार्ट विकायला सांगणारच.

मी आतून ओरडत होते. गोळा तेवढाच झिजलेला होता, खोबण तेवढीच सैल होती. पण ओरडायला माझ्याजवळ तो एकच आवाज होता आणि तो त्यांनी बंद केला होता.

दुसऱ्या सकाळी जयवंताबाईने चढण्याआधी मला मुद्दाम पुढे-मागे करायला लावलं. कान देऊन ऐकलं.

"चुप झाली बिचारी," ती म्हणाली, आणि चढली. तिच्यामागून सगळ्या चढल्या.

जाताना मी त्यांना कसंबसं नेलं. परतताना शेतातून डांबरी रस्त्यावर चढायचा उंचवटा आला. तिथे हिसका बसला आणि गोळा खोबणीतून निसटला. चाक आडवं पडलं आणि मी डाव्या अंगावर कोसळत कडेच्या बाभळीवर गेले. बाकीच्या जणी खरचटून वाचल्या. जयवंताबाईचा उजवा हात माझा कठडा आणि बाभळीचं खोड यांच्यात सापडला.

वर्ध्याच्या दवाखान्यात हात वाचला. बोटं मात्र वळत नाहीत. कापूस वेचायला आणखी काय लागतं, मित्रांनो? बोटंच तर लागतात. आता तिची मुलगी वर्षाली तिच्या जागी वेचणीला जाते. अण्णाजींनी त्या दिवसापासून मला हात लावलेला नाही.

नंतर ओमप्रकाश मिस्त्रीने मला नीट केलं. दोन्ही बाजूंना नवे बॉल जॉइंट, नवे रबरी बुश, सगळं घट्ट. चाक उचलून टॉमीने हलवलं तर जागचं हललं नाही. एवढी बरी मी नवी होते तेव्हाच असेन.

परवा सकाळी घनश्याम मला पुन्हा वस्तीजवळ घेऊन गेला. त्याने डाल्याचा मागचा फाळका खाली पाडला आणि बाजूला उभा राहिला. बाया जागच्या हलल्या नाहीत. वर्षालीला सोडायला आलेली जयवंताबाई पुढे आली. निकामी हात तिने पदराखाली धरला होता.

"आवाज येते का?" तिने विचारलं.

"नाई बाई. एकदम बंद. सगळं नवं टाकलं. आता खरंच सुधरली."

"तवाबी येत नोता," ती म्हणाली.

रागाने नाही, साधंच म्हणाली. बाया पायीच निघाल्या. वर्षालीने एकदा वळून पाहिलं आणि तीही चालू लागली.

मित्रांनो, कुणी दुखतं म्हणून ओरडत असेल, मग ते यंत्र असो, जनावर असो की तुमच्या घरातलं माणूस, त्याला गप्प करायची घाई करू नका. आधी दुखणं शोधा. मला वेळेवर कुणी थांबवलं असतं तर आज त्या बाईची बोटं चालली असती. मी आता ठणठणीत बरी आहे. माझं चाक वाजत नाही, कारण त्याला खरोखर काही दुखत नाही. पण हे मी जयवंताबाईला कसं सांगू?