गुडघ्याची जागा

मी एक जुने टेबल आहे. मित्रांनो, माझ्या चार पायांपैकी एक पाय बोटभर आखूड आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

जन्मलो तेव्हा मी चांगला धडधाकट होतो. सुताराने मला साध्या लाकडाचे बनवले आणि वर हिरवा तैलरंग दिला. एका जोडप्याने मला विकत घेतले. मजल्यावरचे सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांच्या स्वयंपाकघरात माझ्यावर भाज्या चिरल्या गेल्या, कपड्यांना इस्त्री झाली. मग घर बदलताना हमालाच्या हातून मी जिन्यात निसटलो आणि एका पायाचे टोक उडाले. तेव्हापासून मी डुगडुगतो. काकूंनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून मला बरीच वर्षे चालवून घेतले. शेवटी नवे टेबल आले आणि माझी रवानगी मागच्या गॅलरीत झाली. तिथे मी डोक्यावर रद्दी घेऊन उभा होतो. तुम्ही कधी रद्दी डोक्यावर घेऊन उभे राहिला आहात का? नसालच. कोणी आपल्याकडे बघत नाही, फक्त वर आणखी एक गठ्ठा ठेवून जातात.

मग घरात गबाळ्या आला. लांब केसांचा, छोटासा कुत्रा. कितीही विंचरला तरी आत्ताच झोपेतून उठल्यासारखा दिसे, म्हणून हे नाव. काका कुत्र्यांच्या पार्लरमध्ये चौकशी करून आले आणि पाणी प्यायल्यावरच बोलले.

"अगं, दर महिन्याला याला तिथे न्यायचं, तर माझे केस मला घरी कापावे लागतील."

"मग कापू की. उरलेत किती?" काकू म्हणाल्या.

त्याच दुपारी माझ्यावरची रद्दी उतरली. काकूंनी मला पुसले आणि भिंतीला टेकवून उभे केले. गाडीतले जुने रबरी पायपुसणे कापून माझ्यावर अंथरले, म्हणजे गबाळ्याचे पाय घसरू नयेत. भिंतीतल्या खिळ्याला पूर्वी कपड्यांची दोरी होती. तिथे त्यांनी प्रवासी बॅगेचा जुना पट्टा लटकवला, गबाळ्याच्या गळ्यात सैलसा अडकवायला. नळाला पाइप लावून त्याच्या टोकाला जुन्या शॉवरची चाळणी बसवली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बोथट टोकाची कात्री, तेलाची बाटली आणि कंगवा. नवीन काय आणले, तर तो कंगवा.

पहिल्याच आंघोळीत माझ्या पायाखालचा पुठ्ठा भिजून लगदा झाला. मी डुगडुगलो. गबाळ्या घाबरून उडी मारायच्या बेतात होता. काकूंनी आपला गुडघा माझ्या आखूड पायाला लावला आणि मला भिंतीशी दाबून धरले. मी थांबलो. गबाळ्याही थांबला.

पुढे ती सवयच झाली. एक हात त्याच्या हनुवटीखाली, एका हातात कंगवा आणि गुडघा माझ्या पायाला. काका आत वर्तमानपत्र वाचत बसलेले असत.

"झाला का नवरदेव तयार?" ते आतून विचारत.

"झाला. या आता, तुमचा नंबर."

मित्रांनो, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. माझ्यावर पुन्हा रद्दी साठू लागली. गबाळ्या माझ्याखाली येऊन झोपे. त्याच्या केसांच्या गाठी झाल्या, त्या गाठींचे गोळे झाले. काकांच्या धाकट्या बहिणीने ते पाहिले आणि ती चिडली.

"दादा, हाल चाललेत त्याचे. गाठींखाली कातडी लाल झालीय, डॉक्टरांनी सांगितलं ना तुला? मी नेते त्याला. आमच्याकडे धरायला माणसं तरी आहेत."

"रविवारपर्यंत थांब. नाही जमलं तर ने."

"कशाला हट्ट करतोस?"

"हट्ट नाही गं. तो गेला तर या घरात मी बोलू कोणाशी?"

बहिणीने पिशवी उचलली. पण रविवारी येणार, हे सांगून गेली.

काकांनी रद्दी उतरवली आणि गबाळ्याला माझ्यावर उभे करून सरळ पाणीच सोडले. काकू आधी कोरडे केस विंचरत, मग आंघोळ घालत. भिजल्यावर गाठी आणखी आवळतात. काकांना ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी केस कोरडे असतानाच कंगवा घेतला, पण त्यांचा हात लागला की मी डुगडुगे आणि गबाळ्या थरथर कापे. शेवटी पट्ट्यातून मान सोडवून त्याने उडी मारली आणि तो माझ्याखाली जाऊन बसला.

"मी तिच्यासारखा नाही, माहीत आहे मला," काका म्हणाले. "पण थोडं तरी ऐक ना रे."

गबाळ्या बाहेर येईना. मग काकाच फरशीवर बसले आणि वाकून माझ्याखाली डोकावले. त्यांचे तोंड माझ्या आखूड पायासमोर आले. सगळा पाय हिरवा, पण गुडघ्याच्या उंचीवर एका जागी तळहाताएवढा रंग उडालेला आणि आतले लाकूड गुळगुळीत झालेले. काकांनी तिथे अंगठा फिरवला. मग मला हलवून पाहिले. मी डुगडुगलो. त्यांनी पुन्हा त्या जागेकडे पाहिले.

"अगं, तू..." एवढेच म्हणाले. गबाळ्या त्यांच्या मांडीशी सरकला.

उठल्यावर त्यांनी गबाळ्याला माझ्यावर ठेवले आणि आपला गुडघा त्या जागेला लावला. काका काकूंपेक्षा उंच, त्यामुळे त्यांना जरा वाकून उभे राहावे लागले. मी थांबलो. गबाळ्याने माझ्या कडा हुंगल्या, एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी काकांच्या तळहातावर ठेवली. मग तेलाचा एकेक थेंब, आधी बोटे, नंतर कंगवा. सुटल्या त्या गाठी सोडवल्या, उरल्या त्या कापल्या. रोज थोडे थोडे.

रविवारी बहीण आली.

"दादा! हे काय रूप केलंस त्याचं? उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतोय."

"नावाला शोभतो की नाही?"

ती हसली आणि डोळे पुसत तिने आणलेली साखळी पुन्हा पिशवीत टाकली. जाताना तिने मला हलवून पाहिले.

"या टेबलाखाली रबराचा तुकडा तरी लाव."

"लावतो," काका म्हणाले. अजून लावलेला नाही.

मित्रांनो, मोडलेली वस्तू दुरुस्त करावी, हे खरेच आहे. पण हत्यार उचलण्याआधी एकदा तिच्याशेजारी खाली बसा. ती कुठे झिजली आहे, ते बघा. कोणीतरी तिला तिथे सांभाळून घेतलेले असते. माझा पाय मात्र असाच राहू द्या. काकांना वाकून फार वेळ उभे राहता येत नाही, म्हणून त्या जुन्या जागेच्या चार बोटे वर माझा हिरवा रंग आता विरळ होऊ लागला आहे.