वच्छलाच्या गोळ्या

शहात्तर सालच्या कापूस-वेचणीत केनवडच्या भिवाजीची सून वच्छला शेतातच डोकं धरून कोसळली. अकोल्याच्या डॉक्टरनं पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं, ते लाल निघालं. मेंदूभोवती रक्त सांडलं होतं. आठवड्यानं ती उठून बसली, तशी सासू केशरबाई तिला घरी न्यायला हटून बसली. कापूस झाडावर होता ना!

डॉक्टर म्हणाला, "धोका टळलेला नाही. सांडलेल्या रक्तानं मेंदूच्या शिरा आता आखडू शकतात. त्यासाठी या गोळ्या. औषध नवं आहे, खात्री देत नाही. पण बरं वाटलं तरी एकही चुकवू नका."

केशरबाईनं बाटली फडताळात तुपाच्या बरणीशेजारी ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. त्या घरात तूप आधी बाप्यांच्या ताटात पडायचं, मग सासूच्या, उरलं तर सुनेच्या. गोळ्यांनाही तोच न्याय लागला. भिवाजीचं डोकं जड झालं, त्याला गोळी. वच्छलाचा नवरा शेषराव वेचणीनं थकला, त्यालाही. झोप मोठी छान लागायची म्हणे. शेजारची लिलाबाई डोक्याला फडकं बांधून आली, तर तिलाही चहासोबत एक. काय ती माया! आग लागो असल्या मायेला.

चुलीपुढून वच्छला सासूला म्हणाली, "आत्याबाई, मले गोळी द्या ना. डाक्तरनं चुकवू नोका म्हणलं होतं."

"चांगली भाकरी थापून राह्यली, तुले कायले पायजे? बाप्यांसमोर मागते, लाज नाई वाटत?"

शेषराव शेजारीच जेवत होता. त्यानं ताट पुढं करून आणखी एक भाकरी मागितली. वच्छलानं पुन्हा मागितलं नाही.

चार-पाच दिवसांनी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच पडून राहिला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. केशरबाईनं धावत फडताळ उघडलं. बाटली रिकामी होती.

लिलाबाई भेटायला आली. वच्छला खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती. तिला सगळं कळत होतं.

"गोळ्या देल्ल्या नाई काय इले?" लिलाबाईनं विचारलं.

"मागतल्या असत्या तं म्या नाई म्हणलं असतं काय? तोंड नोतं काय इले? मागतल्याच नाई इनं."

वच्छलाचा डावा हात वर आला. जीव एकवटून तिनं तोंड उघडलं. "आ... आ..." एवढंच निघालं.

"पाह्य," केशरबाई म्हणाली, "हो म्हणून राह्यली."