कच्चा खांदा

“खांदा तोडा रे! पान्याले वाट द्या!”

तांड्याचे नायक गुलाबसिंग तळ्याच्या पाळीवरून अशी हाळी देत. त्यांची नात रंजिता तेव्हा परकरात होती. पाळीचा माळाकडचा एक खांदा तांड्यानं जाणूनबुजून कच्चा ठेवलेला, नुसत्या मातीचा. आभाळ फाटलं की चार कुदळी पडत अन् फुगलेलं पाणी पडीक माळावर निघून जाई. पाळीखालची घरं सुखरूप राहत. पाऊस सरला की टोपलं-टोपलं माती टाकून खांदा पुन्हा भरायचा. माहेरवाशिणीची वेणी सोडावी अन् पुन्हा घालावी, तसं ते दरसालचं काम.

मग पाटबंधारे खात्यानं येऊन तो खांदा सिमेंटात बांधला. लोखंडी दार बसवलं, कुलूप घातलं, चावी उमरखेडच्या कचेरीत नेली. अन् तांड्यानं काय केलं? नारळ फोडला, गूळ वाटला. आपलाच गळा आवळून घेतला अन् वर वाजंत्री लावली.

आता रंजिता, तांड्यातच दिलेली, सरपंच. यंदा वरून कळवलं, बदलत्या हवामानाचा बंदोबस्त गावानंच करावा, अधिकार तुमचा. ग्रामसभेनं पहिलाच ठराव घेतला : दाराची चावी द्या. उत्तर आलं, तळं तुमच्या अखत्यारीत नाही. झाडं लावा.

भादव्यातल्या एका दुपारी असा पाऊस कोसळला, की दारातली म्हैस दिसेना. पाणी पाळीच्या ओठाला टेकलं.

“साहेब, दार उघडाले मानूस पाठवा न!” रंजिता उमरखेडच्या साहेबाशी फोनवर ओरडत होती.

“आदेशाबिगर कसा पाठवू, मॅडम? अन् मधातला पूल पान्याखाली हाये.”

तिचा दीर बादल कुदळ घेऊन पाळीवरून उतरला, चिखलानं माखलेला.

“कुलूप तोडलं, भाभी. पन दार गंजून बसलं, हालत नाही. सिमिटाची कपचीबी निंगत नाही.”

“दुसरीकडं फोड न पाळ!”

“दुसरीकडं फोडली तं पानी सरळ घरावरच येते. अधिकार भेटला म्हनत होती न तू? लाव मंग इथं आंब्याचं रोप!”

कुणी हसलं नाही. लोक लेकरं-बकऱ्या घेऊन देवळाकडं चढत होते. पाळीखालच्या पहिल्या घरातली रामीबाई तेवढी उंबऱ्यातच बसून होती.

“मी नाही उठत,” ती साऱ्यांना सांगत होती. “रंजिताच्या हाती चावी हाये.”

रंजिता तसं कधी बोलली नव्हती. ठरावाच्या दिवशी म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून “आली न चावी?” विचारलं, तेव्हा ती नुसती हसली होती. पुढं नाही म्हणायला जीभ उचललीच नाही.

घोटाभर पाण्यातून ती उंबऱ्याशी आली.

“पोरी, उघडलं का दार?”

“याडी, ऊठ.” तांड्यातल्या प्रत्येक म्हातारीला ती आईच म्हणे.

“कायले उठू? तू हायेस न.”

वर पाळीवरून पहिली धार सुटली. बादल ओरडत घराकडं पळत आला. रंजितानं म्हातारीचे गार पडलेले हात धरले.

“चावी मले कधी भेटलीच नाही, याडी. माह्या हाती काहीच नाही. तुह्यं घर मी वाचवू शकत नाही.”