गाळणीची करामत

डॉक्टरांनी सिगार बंद केल्यावर टॅम्पा शहरातल्या एवेलिओने पळवाट शोधली. चाळीस वर्षं कारखान्यात सिगार वळलेला माणूस तो. आता आपल्याच हातच्या सिगारींचा चुरा करून तो बरणीत ग्लिसरिनमध्ये सहा-सहा आठवडे मुरवायचा आणि गाळलेला अर्क ई-सिगारेटमध्ये भरून ओढायचा.

पहिल्या दोन बरण्या पार मचूळ निघाल्या. तिसरीचा मात्र एक झुरका घेतला आणि गडी खूश झाला. त्याने शेजारच्या कासिमिरोला हाक मारून बोलावलं आणि ई-सिगारेट त्याच्या हातात दिली.

"वा! भाजलेल्या कॉफीचा वास, आणि मागून जळक्या साखरेची गोडी," कासिमिरो म्हणाला. "तंबाखूचं पान कुठलं रे हे?"

"पानाचं काय विचारतोस? वळणाऱ्याचा हात बघ!"

तेवढ्यात एवेलिओची बायको नेरेइदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या चिमटीत कॉफीची कापडी गाळणी लोंबत होती, तंबाखूने काळीकुट्ट झालेली.

"हातबीत काही नाही! याने माझ्या गाळणीतून गाळलंय ते. अकरा वर्षांची कॉफी मुरलीय हिच्यात."

कासिमिरो खो खो हसत सुटला. एवेलिओ ओशाळला.

"नवी आणतो ना," तो पुटपुटला.

"आण की. पण तिच्यातल्या कॉफीला अशी चव यायला अजून अकरा वर्षं जातील," गाळणी कचऱ्यात टाकत नेरेइदा म्हणाली. "तोवर जगून दाखव म्हणजे झालं."

एवेलिओने कासिमिरोच्या हातातली ई-सिगारेट काढून घेतली आणि खिशात घातली.