तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठमधून चार वजा करण्याबाबत

विषय : माझ्यातून चार दिवस कमी करणे.
संदर्भ : लेखनिक नापुक यांनी बताबांकडे, म्हणजे नगरप्रमुखांकडे, केलेला अर्ज.

मी एक संख्या बोलतेय. तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ. झाडाच्या सालीच्या कागदावर मी पाच घरांत उभी आहे : ठिपके, आडव्या रेघा आणि तळाशी शून्याचे दोन शिंपले. नापुकच्या पणजोबांनी मला रंगवलं.

दोनशे साठ दिवसांच्या पंचांगाने मला भागा, बाकी शून्य. तीनशे पासष्टच्या वर्षाने भागा, शून्य. शुक्राच्या चांदणीच्या पाचशे चौऱ्याऐंशी दिवसांच्या फेरीने भागा, तरी शून्य. सातने भागलं तर सहा उरतात, पण ते कुणी विचारलं नाही. इतकी सर्वगुणसंपन्न सून मिळाल्यावर माणसं जास्त चौकशी करीत नाहीत.

माझी खोड मला ठाऊक आहे. चांदणीची खरी फेरी पाचशे चौऱ्याऐंशीला किंचित कमी भरते. एका फेरीत ते कळत नाही. एकसष्ट फेऱ्यांत चार दिवस होतात. तीन पिढ्यांच्या नोंदी जुळवून नापुकने ते शोधलं.

यंदा चांदणी पश्चिमेला बुडाली, ती माझ्या हिशेबाच्या चार दिवस आधीच. बुडाली की आठव्या पहाटे ती पूर्वेला उगवते. उगवताना ती भाला फेकते; या खेपेला तो जवान पुरुषांवर आहे. त्या पहाटे उघड्यावर सापडेल तो जगत नाही. दारं चटयांनी बंद करायची ती पहाट माझ्या पानावर मात्र या बुडण्यापासून बारावी आहे. तोवर गावातल्या जवानांनी उजाडण्यापूर्वी तटासाठी दगड ओढायचे, असा हुकूम आहे. त्यांत नापुकचा एकुलता मुलगा नाचि.

बताबांनी मक्याच्या पेजेचा घोट घेत मला न्याहाळलं. "चार काढले तर ही तिन्हींपैकी एकानेही भागली जाणार नाही, नापुकबाबा. मग सण काय तुम्हाला विचारून करायचे?"

"सरकार, चांदणी बुडालेली सगळ्यांनी पाहिली."

"मग चूक चांदणीची."

पुजारी हसले. अर्ज मात्र फेटाळला नाही. पोथीतल्या दुरुस्त्या शुभ दिवशीच ऐकतात, आणि शुभ दिवस माझ्यावरूनच काढतात. दहावा निघाला.

नापुकने मुलाला आजारी पडायला सांगितलं. नाचिने दोर गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं. "बाबा, लोक म्हणतील, पोथीवाल्याच्या मुलाचाच पोथीवर विश्वास नाही."

"नकोच ठेवूस. मी चाळीस वर्षं ठेवला."

आज आठवा दिवस. नाचि अंधारातच दोर खांद्यावर टाकून गेला. नापुकने गावात एकट्यानेच दाराला चटई लावली. थोडा वेळ तिच्याआड बसला. मग ती उपसून काखेत मारली आणि मुलाच्या मागे धावला.

पोथी उघडी राहिली आहे. पूर्वेला झाडांच्या वर एक ठिपका आलाय. माझ्या पानावर तो अजून चार दिवस लांब आहे. मला मोडा, मला वाईट वाटणार नाही.

सुनावणी परवा आहे. अर्ज प्रलंबित आहे.